शेवाळाला कळतं ते आपल्याला वळत का नाही?

तर मंडळी, या वीकएंडचा विषय आहे शेवाळ. हसू नका!

वडीगोद्रीकडे (ता. अंबड, जि. जालना) गुरांच्या हौदातलं पाणी उन्हाळ्यात हिरवंगार होतं. त्यात बऱ्याचदा निळं-हिरवं शेवाळ असतं. नाव शेवाळ, पण मुळात तो बॅक्टेरिया, झाडासारखा उन्हावर जगणारा. याच्याच जातभाईचा, सिनेकोसिस्टिसचा, अख्खा जीनोम जपानी संशोधकांनी १९९६ मध्ये वाचून काढला. म्हणजे सोर्स कोडच हाती आला म्हणा ना.

आम्हा आयटीवाल्यांना लाजवेल असं डिझाइन आहे. पेशीत सेन्सर प्रथिनं असतात. थंडी, खारेपणा असा ताण जाणवला की फॉस्फेटच्या देवाणघेवाणीतून निरोप दुसऱ्या प्रथिनाकडे जातो आणि ते ठरावीक जीन चालू किंवा बंद करतं. ऊन फार झालं तर एक नारिंगी प्रथिन लाल होतं आणि जास्तीची ऊर्जा उष्णता म्हणून सोडून देतं. नायट्रोजन संपत आला तर पेशी प्रकाश पकडायच्या स्वतःच्या अँटेनाच मोडून खाते. हिरवी पेशी पिवळी पडते, पण तगते. मिळकत घटली की पसारा आवरायचा, इतकं साधं.

आता आपलं बघा. सेन्सर आपल्याकडेही आहेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा विहिरींची पातळी मोजते, धरणाचा साठा रोज कळतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, याहून मोठा अलार्म कुठला? आपला प्रतिसाद काय, तर बोअर अजून खोल घ्या आणि कालव्याला पाणी आलं की परत ऊस लावा.

यात शेतकऱ्याला मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण ते चूक आहे. बॅक्टेरियाला पीककर्ज नसतं, पोरांची फी नसते. उसाला ठरलेला दर आणि हक्काचं गिऱ्हाईक आहे, मग तो ऊसच लावणार. वायर तुटलीय ती इथे. पाण्याचा आकडा एकीकडे, पैशाचा निर्णय दुसरीकडे.

ही वायर जोडता येते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने जोडून दाखवलीय. तिथे गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि मग पिकं ठरवतं. सिंचनासाठी बोअर नाही, ऊस नाही. हे गावोगावी व्हायचं तर कमी पाण्याच्या पिकालाही उसासारखी दराची खात्री हवी. नुसतं 'पाणी वाचवा' म्हणून भागणार नाही.

सेन्सर कितीही महागडा बसवा, तो निर्णयाला जोडला नसेल तर ते नुसतं शोभेचं मीटर. बघा पटतंय का.