आकडे कोणाचे, संघ कोणाचा?

कारंजा तालुक्यातील कामरगाव हे फुटबॉलचे गाव म्हणून प्रसिद्ध नाही. कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या भावावर ज्या गावाची सकाळ उजाडते, तेथे चार माणसे वाद घालावयास बसली तर तो वाद बाजारभावाचा, पावसाचा, नाही तर ग्रामपंचायतीचा असणार, अशी आमची समजूत होती. ती परवा एका चहाच्या टपरीवर पार धुऊन निघाली. तेथील चार-पाच तरुण हातघाईवर येतील की काय, इतक्या जोराने भांडत होते. आणि भांडणाचा विषय काय, तर सातासमुद्रांपलीकडील एका फुटबॉल क्लबाने तिशीतल्या, मैदानापेक्षा संगणकाशी अधिक सलगी असलेल्या माणसाला मुख्य कार्यकारी अधिकारी करावे की करू नये! "त्यानं कधी बॉलले पाय तरी लावला काय बे?" असा एकाचा सवाल होता. "अन् पाय लावणाऱ्याइनं आजवर काय दिवे लावले?" असे दुसऱ्याने ताडकन उत्तर दिले.

क्लब कोणता, हे येथे सांगण्यात हशील नाही. हाच वाद गेल्या दहा-बारा वर्षांत युरोपातील अनेक क्लबांत याच शब्दांत झालेला आहे. कामरगावच्या पोरांनी असल्या उठाठेवी कशाला कराव्यात, असे कोणी शहाणा म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्या संघाच्या पराभवाने आपली रात्रीची झोप उडते, त्या संघाच्या कारभाराविषयी बोलण्याचा हक्क आपल्याला आहे, ही जाणीव कामरगावात असली काय आणि लंडनात असली काय, सारखीच मोलाची आहे. आमची तक्रार इतकीच, की दोन्ही पक्ष चुकीच्या प्रश्नावर घसा कोरडा करीत होते.

पहिल्या पक्षाचे म्हणणे असे, की खेळ हा रक्तात असावा लागतो, तो वहीत उतरत नाही. ऐकावयास हे गोड आहे. परंतु वही मैदानावर आली ती काही काल-परवा नव्हे. इंग्लंडच्या हवाई दलातील चार्ल्स रीप नावाचे एक हिशेबनीस 18 मार्च 1950 रोजी स्विंडन येथे सामना पाहात बसले होते. पहिल्या अर्ध्या डावातील रटाळ खेळास कंटाळून त्यांनी खिशातून पेन्सिल आणि वही काढली आणि उत्तरार्धातील एकेक चाल टिपून घेतली. पुढे आयुष्यभर त्यांनी तोच उद्योग केला. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे 1951 साली, खालच्या श्रेणीत घसरू पाहणाऱ्या लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबाने त्यांचा सल्ला घेतला आणि तो क्लब त्या वर्षी तगला. तेव्हा आकडेवाला माणूस मैदानात शिरला म्हणजे कलियुग अवतरले, असे मानणाऱ्यांनी पाऊणशे वर्षांचा उशीर केला आहे.

परंतु याच रीपसाहेबांची गोष्ट दुसऱ्या पक्षानेही ऐकून ठेवावी. त्यांच्या वहीत असे दिसले, की दहांपैकी सुमारे आठ गोल हे तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात. झाले! चेंडू लांब भिरकवा, पास फार करू नका, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि इंग्लंडातील कित्येक शिक्षकांनी तो शिरोधार्य मानला. मेख अशी होती, की सामन्यातील दहांपैकी नऊ चाली मुळी तीन पासांच्या आतच तुटतात. म्हणजे नव्वद टक्के चालींतून ऐंशी टक्के गोल, आणि उरलेल्या दहा टक्के लांब चालींतून वीस टक्के! आकडे खरे होते, मोजणी प्रामाणिक होती, आणि निष्कर्ष मात्र उफराटा. एका माणसाच्या वहीतील या एका चुकीने इंग्लंडच्या खेळाला किती वर्षे आडरानात फिरविले, याचा हिशेब कोणी मांडावा? ती वही वेळीच दहाजणांनी उघडून पाहिली असती, तर एखाद्या शाळामास्तरानेही ती चूक दाखविली असती.

आता त्याच ब्रेंटफर्डची पुढली कथा पाहावी. 2014 साली मार्क वॉरबर्टन या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्या क्लबाने वरची श्रेणी गाठली आणि पुढल्याच हंगामात तेथे पाचवा क्रमांक पटकावला. असे असूनही 2015 च्या फेब्रुवारीत जाहीर झाले, की हंगाम संपताच वॉरबर्टन जाणार. कारण मालक मॅथ्यू बेनम यांना खेळाडूंची निवड गणिताच्या आधारे करावयाची होती आणि त्या पद्धतीवर उभयतांचे एकमत होईना. पाठोपाठ फुटबॉलच्या कारभारावर दोन सहसंचालक नेमले गेले. फिल गाइल्स हे सांख्यिकीतील डॉक्टर. रासमुस आंकरसन तर जेमतेम तिशी ओलांडलेले, आणि बेनम यांच्याच मालकीच्या मिडट्यूलान या डॅनिश क्लबाचे अध्यक्ष. जिंकून देणारा माणूस घालवून हे काय आणले, असा आक्रोश चाहत्यांनी केला. तो अगदीच अनाठायी होता असे आम्ही म्हणणार नाही. नव्या प्रशिक्षकाला अवघ्या नऊ सामन्यांत निरोप द्यावा लागला, तेव्हा तर तो आक्रोश पुराव्यानिशी खरा ठरला असे वाटले.

पण मिडट्यूलानने 2015 मध्येच आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळविले, आणि ब्रेंटफर्डनेही हळूहळू पाय रोवले. 2018 च्या ऑक्टोबरात टॉमस फ्रँक प्रशिक्षक झाले आणि पहिल्या दहांपैकी आठ सामने हरले. अशा वेळी आपल्याकडे काय होते, हे वाचकांना सांगावयास नको. तिसऱ्या पराभवानंतर पुतळे जळतात आणि पाचव्यानंतर राजीनामा टेबलावर येतो. तेथे मात्र कारभाऱ्यांनी निकाल बाजूस ठेवून खेळ मोजला. संघ किती संधी निर्माण करतो आणि प्रतिस्पर्ध्यास किती देतो, हे पाहिले आणि फ्रँक यांना हात लावला नाही. 2021 च्या मे महिन्यात याच फ्रँकांनी वेम्बलीवर स्वान्सीचा दोन गोलांनी पराभव करून 1947 नंतर प्रथमच ब्रेंटफर्डला सर्वोच्च श्रेणीत नेले. गणिताने तेथे धीर दिला, आणि गर्दी ज्या माणसाला घालवावयास निघाली असती तो माणूस राखला. आकडा निर्दय असतो असे जे म्हणतात, त्यांना हे उदाहरण आम्ही आवर्जून देतो.

मग ब्रेंटफर्डचे गुपित गणितातच होते काय? आम्हांला तसे वाटत नाही. बेनम हे लहानपणापासून त्याच संघाचे चाहते होते. हरले तरी ते दुसरीकडे जाणारे नव्हते. त्यांच्या आधी तर चाहत्यांच्याच संस्थेच्या हाती क्लबाची बहुसंख्य मालकी होती, आणि 2012 साली ती त्यांनी बेनम यांच्या स्वाधीन केली. गणित चुकले असते तर त्याचे चटके गणित मांडणाऱ्यालाही बसणार होते. हे वाक्य आमच्या वाचकांनी ध्यानात धरावे, कारण आता आपण आपल्या अंगणात येत आहोत.

मुंबईचा महिंद्र युनायटेड हा 2005-06 च्या हंगामाचा राष्ट्रीय विजेता. 2010 साली उद्योगसमूहाने तो क्लब मिटवून टाकला. मुंबई एफसी 2007 साली निघाला आणि 2017 साली बंद झाला. पुण्याचा एफसी पुणे सिटी 2014 साली वाजतगाजत उभा राहिला; बालेवाडीच्या मैदानात नारिंगी सदरे घालून पोरे घसा फोडीत असत. 2019 साली तो क्लब नाहीसा झाला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ स्पर्धेत उतरला. त्या नारिंगी सदऱ्यांचे पुढे काय झाले, हे कोणत्या ताळेबंदात लिहिलेले आहे? या तिन्ही ठिकाणी मोठमोठ्या हुद्द्यांची माणसे होती, हिशेब होते, सादरीकरणे होती. उणीव होती ती एवढीच, की क्लब मिटविण्यापूर्वी ज्याला विचारणे भाग पडावे, असा कोणी प्रेक्षकांत नव्हता.

मुंबई सिटीची गोष्ट याहून ताजी आणि म्हणून अधिक बोचणारी आहे. 2019 च्या नोव्हेंबरात मँचेस्टरच्या सिटी फुटबॉल ग्रुपने या क्लबाचा पासष्ट टक्के हिस्सा घेतला. जगातील आकडेशास्त्रात ज्यांचा हात धरणारा क्वचितच सापडेल, असे हे लोक. फळही मिळाले. 2020-21 मध्ये साखळीची ढाल आणि करंडक दोन्ही, 2022-23 मध्ये पुन्हा ढाल, 2023-24 मध्ये पुन्हा करंडक. 2022 साली आशियाई चँपियन्स लीगच्या गटात सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. आणि 2025 च्या डिसेंबरात, देशातील साखळी स्पर्धेचेच भवितव्य अधांतरी लोंबू लागले तेव्हा, हे पाहुणे आपला हिस्सा सोडून निघून गेले. त्यांच्या गणितात ते बरोबरच असेल. आम्ही त्यांना दोष देत नाही. परंतु ज्या चाहत्याने पावसात भिजत अंधेरीच्या मैदानाची वाट धरली, त्याला असे निघून जाता येते काय?

कोल्हापुरात चाहत्यावर ही वेळ येत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी ही नावे तेथे पेठापेठांच्या तालमींची आहेत. संघ तालमीचा, तालीम पेठेची, आणि पेठ उचलून हैदराबादला नेता येत नाही! कारभार चुकला तर कारभाऱ्याला संध्याकाळी त्याच गल्लीतून घरी जावयाचे असते. तेथे सारे आलबेल आहे, असेही कोणी समजू नये. प्रेमाच्या भरात मैदानावर हुल्लड होते आणि सामने थांबतात. त्या तालमींना चांगल्या नोंदी ठेवणारा एखादा चष्मेवाला तरुण मिळाला, तर आम्ही त्याच्या गळ्यात हार घालू. जर्मनीने हाच विचार 1998 पासून नियमात बसविला आहे. क्लब कंपनी झाला तरी मतांचे बहुमत सभासदांच्याच हाती राहिले पाहिजे, असा तेथील दंडक आहे. मोजके अपवाद सोडले तर तो पाळला जातो. इंग्लंडने 2025 साली कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला आणि चाहत्यांशी सल्लामसलत करणे क्लबांवर बंधनकारक केले.

कामरगावच्या त्या तरुणांपुढे आम्ही आणखी एक गोष्ट मांडू इच्छितो, कारण ती त्यांच्याच पोटाशी येते. आकडेवाला कारभारी जे मोजतो, ते आधी कोणी तरी टिपलेले असावे लागते. ज्या सामन्यावर कॅमेरा नाही, ज्या शाळेच्या मैदानावर धावफलकसुद्धा खडूने लिहिला जातो, तेथला मुलगा त्याच्या संगणकात शून्यसुद्धा नसतो, तो नसतोच. नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसाखाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव विशी जवळ येईपर्यंत टेनिसच्या चेंडूवर क्रिकेट खेळत होता. 2008 साली तो विदर्भाकडून रणजी सामन्यात उतरला आणि पुढे देशाचा वेगवान गोलंदाज झाला. त्याला कोणत्या यंत्राने शोधले? चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात कसा आदळतो, हे पाहणारे डोळे तेथे होते म्हणून तो सापडला. फुटबॉलमध्ये असे किती उमेश वऱ्हाडातल्या शाळांतून येऊन गेले, याची गणती कोणाजवळ नाही. नव्या कारभाऱ्याला खरोखरच आकड्यांचा ध्यास असेल, तर त्याने आपल्या नोंदवह्या आणि कॅमेरे कारंजा, मंगरूळपीर, मानोरा येथल्या शालेय स्पर्धांपर्यंत पाठवावेत. ते काम खर्चाचे आहे आणि त्याचे फळ पाच-सात वर्षे दिसणार नाही, हे आम्ही जाणतो. नेमके अशाच कामाला थांबावयाची ताकद लागते, आणि ती ताकद ब्रेंटफर्डच्या कारभाऱ्यांनी दाखविली.

तेव्हा तरुण माणसाला नेमू नका, असे आम्ही म्हणत नाही. जरूर नेमा. तो कधी चेंडूला पाय लावून खेळला की नाही, हे विचारण्यात वेळ दवडू नका. तिशीतला आहे म्हणून नाक मुरडू नका. पण त्याच्या नेमणुकीच्या कागदावर काही अटी असू द्या. दर हंगामाच्या अखेरीस त्याने चाहत्यांसमोर उभे राहावे आणि कोणता खेळाडू का घेतला, कोणता का सोडला, हे आपल्या आकड्यांसह सांगावे. क्लबाच्या संचालक मंडळावर चाहत्यांनी निवडलेला निदान एक माणूस असावा आणि त्याला वही उघडून पाहण्याचा अधिकार असावा. क्लबाचे नाव, गाव आणि रंग बदलणे, किंवा क्लब बंद करणे, हे चाहत्यांच्या संमतीवाचून होऊ नये. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने साखळी स्पर्धेची घडी नव्याने बसविताना या अटी क्लबांच्या परवान्यातच घालाव्यात, अशी आमची मागणी आहे.