नाडी अंगठ्याने का मोजत नाहीत?

बारावीची परीक्षा संपवून आमच्याच कॉलेजातील एक विद्यार्थिनी गेल्या उन्हाळ्यात घरी आली. तिला बी.एस्सी. नर्सिंगला जायचे होते आणि त्यासाठीच्या राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेची तयारी चालली होती. हातात प्रश्नोत्तरांचे जाडजूड गाइड. म्हणाली, "सर, भौतिकशास्त्राचे तेवढे समजावून सांगा. नर्सिंगचा भाग मी पाठ केला आहे."

मी तो पाठ केलेला भाग चाळला. प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वसन १२ ते २०, शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस. सारे बिनचूक. मग मी विचारले, "नाडी अंगठ्याने का मोजत नाहीत?" तिने लगेच म्हणून दाखवले, "नाडी पहिल्या दोन-तीन बोटांनी मोजावी." पण का, याला उत्तर नव्हते. अंगठ्याची स्वतःची नाडी चांगली जाणवते, आणि मोजणारा रोग्याच्या ऐवजी आपलेच ठोके मोजून बसण्याचा संभव असतो. हे कारण त्या गाइडमध्ये कोठेही नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, माझी तक्रार आहे ती 'नर्सिंगचे पाठ केले आणि भौतिकशास्त्र राहिले' या वाटणीबद्दल. ही वाटणीच मुळात खोटी आहे. हे मीही एका सिस्टरकडूनच शिकलो, तेही एम.एस्सी. होऊन बरीच वर्षे झाल्यावर.

झाले असे. मे महिना होता. आमच्या खानदेशातला मे म्हणजे काय ते जळगाव-भुसावळच्या मुलांना सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या आसपास. माझ्या आईला धुळ्याच्या एका रुग्णालयात सलाइन लावले होते. थेंब फार सावकाश पडतात असे वाटून मी नळीवरची चाकी सैल करायला हात घातला. सिस्टरने तिथल्या तिथे थांबवले. "सर, तुम्ही फिजिक्स शिकवता ना? मग हिशेब करा की."

मी हिशेब केला. ५०० मिलिलिटर ८ तासांत द्यायचे. त्या नळीतून २० थेंब पडले की १ मिलिलिटर होतो, असे तिच्या वेष्टनावर छापलेले होते. म्हणजे एकूण १०,००० थेंब आणि वेळ ४८० मिनिटे. मिनिटाला सुमारे २१ थेंब. सिस्टरने घड्याळ लावून तेवढेच ठेवले होते. आईसारख्या वयस्क माणसाच्या शरीरात पाणी भराभर सोडले तर हृदयावर ताण येतो, फुफ्फुसांत पाणी साचू शकते, हेही तिनेच सांगितले. मी 'लवकर संपेल' एवढाच विचार केला होता.

याच हिशेबात एक खाच आहे. काही नळ्यांचे १५ थेंबांचा १ मिलिलिटर होतो, तर बारीक थेंबांच्या नळ्यांचे ६० थेंबांचा. १५ वाली नळी हाती असताना कोणी पाठ केलेले '२१ थेंब' लावले, तर ८ तासांची बाटली ६ तासांतच रिकामी होईल. पाठांतर शंभर टक्के बरोबर, आणि तरी रोग्याला धोका! बाटली उंचावर का टांगतात, ती पलंगाच्या खाली आली तर नळीत रक्त उलटे का चढते, हे तर द्रवाच्या दाबाचे तुमच्या पुस्तकातलेच प्रकरण आहे.

तापाच्या औषधाचेही तेच. डॉक्टरांनी लहान मुलासाठी १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल लिहून दिले, समजा. बाजारात ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅमचे औषध मिळते आणि २५० चेही. पहिल्यातून ६ मिलिलिटर द्यावे लागतील, दुसऱ्यातून ३. बाटली न वाचता सवयीने 'सहा' ओतले तर मात्रा दुप्पट झाली. सातवी-आठवीच्या त्रैराशिकापलीकडचे यात काही नाही. पण येथे चुकले तर नुसता एक गुण जात नाही.

मला स्वतःला सर्वांत आवडते ते श्वसन मोजण्याचे तंत्र. परिचारिका नाडी मोजते आणि झाल्यावरही मनगट तसेच धरून ठेवते. रोग्याला वाटते, नाडीच पाहताहेत. ती मात्र छातीची हालचाल मोजत असते. कारण 'तुमचा श्वास मोजतो' असे सांगितले की माणसाचा श्वास बदलतो. मोजण्याच्या क्रियेनेच मोजायची गोष्ट बदलते, ही अडचण आम्हा भौतिकशास्त्रवाल्यांना नवी नाही. आम्ही त्यावर मोठमोठे ग्रंथ लिहिले. परिचारिकेने नुसते मनगट धरून ठेवले.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव सर्वांना ठाऊक असते, दिव्यासकट. पण क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंची आकडेवारी मांडून, जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक माणसे मेली, हे तिने आकृत्यांनिशी दाखवले, आणि १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेची ती पहिली स्त्री सभासद झाली, हे किती जणांना ठाऊक असते? आपल्याकडे पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनाच्या द्वारे रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा लोकांनी नाके मुरडली. ती नाके आजही पुरती सरळ झालेली नाहीत. 'डॉक्टरकी हुकली म्हणून नर्सिंग' असे पालक माझ्यासमोर मुलीच्या तोंडावर बोलतात. मुलग्यांना तर कोणी हा मार्ग सुचवतही नाही.

शिक्षकांना माझे सांगणे आहे की नववी-दहावीच्या प्रयोगशाळेत याची सुरुवात करता येईल. खर्च जवळजवळ नाहीच. ड्रॉपरने मोजपात्रात थेंब टाकून १ मिलिलिटरला किती लागतात ते मुलांना मोजू द्या. मग साबणाच्या पाण्याचे मोजा, आकडा वाढलेला दिसेल, आणि पृष्ठताण शिकवायला निमित्त मिळेल. नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणा आणि पूर्ण मिनिट मोजूनही पाहा. पहिल्या रीतीत एक ठोका चुकला तर उत्तरात चारची चूक येते, हे मुलांच्या आपोआप ध्यानात येईल. परीक्षा घेणाऱ्यांनीही 'श्वसनदर किती' याऐवजी 'मनगट का सोडत नाहीत' असे विचारायला हरकत नाही. मग गाइडेही बदलतील.

त्या विद्यार्थिनीला मी घरी जाऊन आजीचा श्वास मोजायला सांगितले होते. चार दिवसांनी ती वहीसह आली. आजीला सांगून मोजला तेव्हा १४, नाडीचे निमित्त करून १८, दुपारी झोपेत १६. वही माझ्यापुढे ठेवून तिने विचारले, "सर, यातला खरा कोणता?"

गाइड त्या दिवशी तिने आणलेच नव्हते.