तेरा दिवसांचा धुंधुरमास

आला. जुलै लागला की येतो, तसा यंदाही आला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर भल्या पहाटे, दोन गुलाबांच्या आणि एका सुविचाराच्या मधोमध. पृथ्वी आता सूर्यापासून फार लांब चालली आहे, नेहमीचं अंतर ९ कोटी किलोमीटर, ते आता १५ कोटी २० लाख होणार, म्हणजे ६६ टक्के जास्त. सबब ऑगस्टपर्यंत थंडी वाजेल, सर्दी-खोकला होईल, अंग दुखेल, काळजी घ्या. खाली सतरा जणांचे हात जोडलेले. मी मात्र घामाने भिजलेला बनियन पिळत होतो.

या मेसेजची गंमत अशी की तो सगळा खोटा नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी अपसूर्य बिंदूवर, म्हणजे सूर्यापासून सर्वात लांब, असते हे खरं. तेव्हा अंतर सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर असतं, हेही खरं. खोटा आहे तो ९ कोटींचा आकडा. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सर्वात जवळ येते तेव्हाही अंतर १४ कोटी ७१ लाखांच्या खाली जात नाही. फरक जेमतेम साडेतीन टक्क्यांचा, आणि उन्हातला फरक सुमारे सात टक्क्यांचा. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे, हे आठवीतल्या पोराला माहीत असतं. तेव्हा त्यात मी वेळ घालवत नाही. (जाता जाता: ९ वरून १५.२ वर जाणं म्हणजे ६९ टक्के वाढ. खोटं बोलताना निदान भागाकार तरी नीट करावा.)

मला यंदा वेगळाच किडा चावला. म्हटलं, खरं धरून चालू या. मेसेजला थोडं सांभाळून घेऊ आणि ९ कोटी हे सर्वात जवळचं अंतर मानू, १५.२ कोटी सर्वात लांबचं. मग काय काय होईल? मीटरचे आकडे बदलले तर रिक्षावाला सांगाल त्या रस्त्याने जाईल. ग्रह तसा जात नाही. ओढणारा सूर्य आणि ओढली जाणारी पृथ्वी, इतकी दोघंच हिशोबात धरली आणि ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असली, तर वाट शांकवाचीच असते: लंबवर्तुळ, अन्वस्त नाहीतर अपास्त. न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त हे बांधून दिलं, ते आजवर सुटलेलं नाही. परत फिरून येणाऱ्याला लंबवर्तुळच मिळतं. आणि त्याची जवळची-लांबची दोन टोकं तुम्ही सांगितलीत की पुढचं काही सांगायचं तुमच्या हातात उरत नाही.

पहिला हिशोब वर्षाचा. केप्लरचा १६१९ सालचा तिसरा नियम: काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात, आणि अंतर म्हणजे लंबवर्तुळाच्या लांबीचा अर्धा. मेसेजवाल्यांची कक्षा ९ अधिक १५.२, म्हणजे २४.२ कोटी लांब. खरी कक्षा २९.९ कोटींची. गणित मांडा, वर्ष येतं २६६ दिवसांचं. म्हणजे एका दिवाळीचे कंदील उतरवून नीट बांधून ठेवतोय तोच दुसरी दिवाळी, आणि सोसायटीचा वार्षिक मेंटेनन्स सव्वातीन महिने आधी. हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा कुठे सेक्रेटरींनी मेसेज गांभीर्याने घेतला.

दुसरा हिशोब महिन्यांचा, आणि माझ्या मते खरी मजा इथे आहे. केप्लरचा दुसरा नियम (१६०९) सांगतो की जवळ आलेला ग्रह धावतो आणि लांब गेलेला रेंगाळतो. आपल्या घरात याचा पुरावा शतकानुशतकं शिजतो आहे. सूर्य धनु राशीत असतो तो धनुर्मास, म्हणजे आपला धुंधुरमास: पहाटेची मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा. साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी. पृथ्वी सर्वात जवळ आणि सर्वात घाईत असते ती नेमकी याच महिन्यात, म्हणून बारा सौरमासांत हा सर्वात आखूड, सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा. समोरचा मिथुनेचा महिना, जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा, सुमारे साडेएकतीस दिवसांचा. दोन दिवसांची ही तफावत केवढीशी! पण चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा, धनुर्मासाच्या किंचित वरचा, त्यामुळे या दोन दिवसांवर पंचांग हलतं. लांब सौरमासात अख्खा चांद्रमास मावतो, म्हणून अधिक महिना जास्त करून ज्येष्ठ, आषाढ, श्रावणाला मिळतो. २०१८ला ज्येष्ठ होता, २०१५ला आषाढ, २०२३ला श्रावण. मार्गशीर्ष-पौषाच्या वाट्याला तो जवळजवळ येतच नाही. उलट महिनाच गळण्याची, क्षयमासाची वेळ आली तर ती हिवाळ्याच्या बाजूला, जशी १९६३-६४ आणि १९८२-८३ मध्ये आली.

आता मेसेजवाल्यांची कक्षा घ्या. तिच्यात धुंधुरमास जेमतेम तेरा दिवसांचा आणि मिथुनेचा महिना जवळपास छत्तीस दिवसांचा. बाजरीचं पीठ दळून आणेपर्यंत खिचडीचे दिवस संपले. उपसूर्याला, म्हणजे सर्वात जवळ असताना, ऊन अपसूर्याच्या पावणेतीनपटींहून जास्त. सर्दीची काळजी तर सोडाच, जानेवारीत डांबर वितळलं असतं. एका आकड्यात खोटं बोललात की पंचांगाच्या प्रत्येक पानाला खोटं बोलावं लागतं. दोन वस्तूंच्या गणिताचा हा कडवा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. त्यात सुटं खोटं बोलण्याची सोयच नाही.

आणि आता माझं जुनं दुखणं: अंडं. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी का असते? वर्तुळ तिरकं बघितलं म्हणून, पण तसं आकृतीखाली कोण लिहितो? लांबीच्या निम्मी रुंदी काढलीत तर जवळचं आणि लांबचं अंतर १ ला १४ होतं, तेही चित्रकाराच्या गावी नसतं. खरी कक्षा काढायची तर दहा सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. लंबवर्तुळ त्यापेक्षा आडव्या बाजूला चौदा मायक्रॉननी कमी, पेन्सिलीची रेघही त्याहून जाड. सूर्य मात्र मध्यापासून सुमारे पावणेदोन मिलिमीटर सरकवा. आकार वर्तुळाचा, सूर्य बाजूला: विमध्यता म्हणतात ती एवढीच. मंगळाची विमध्यता पृथ्वीच्या साडेपाचपट, तरी त्याचीही वाट डोळ्याला गोलच दिसते. तिच्यातलं लंबवर्तुळ हुडकायला टायकोची निरीक्षणं आणि केप्लरचा हट्ट लागला. हा मेसेज दरवर्षी जगतो तो या अंड्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे. पुरावा मागू नका, नाही.

विमध्यता एकच्या वर गेली की वाट अपास्त होते आणि पाहुणा पुन्हा येत नाही. २०२५च्या जुलैत सापडलेल्या थ्री-आय ॲटलास या धूमकेतूची सहाच्या वर आहे, त्याला निरोप देऊन मोकळं व्हावं. आमच्या ग्रुपवरचा पाहुणा बंद कक्षेतला आहे, पुढच्या जुलैत हजर. तोवर भिंतीवरचं कॅलेंडर काढा. मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत मोजा, १८६ दिवस भरतील. तिथून परत मार्चपर्यंत १७९. हे सात दिवस कुठून आले, एवढं फॉरवर्ड करणाऱ्याला विचारा. मी विचारलं. उत्तरादाखल गुलाब आला.