मे महिन्यात रक्त का आटते? उत्तर दडलंय तारखांच्या हिशेबात

उन्हाळा लागला की राज्यातील रक्तपेढ्यांत तुटवडा जाणवू लागतो. कॉलेजांना सुट्टी असते, लोक गावी जातात, शिबिरे घटतात. मग 'रक्तदान करा' अशी आवाहने सुरू होतात. दरवर्षी हेच होत असेल, तर नियोजन आधी का होत नाही?

हिशेब काय सांगतो?
लाल पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स साधारण ५ दिवस. रक्त दिल्यावर पुरुषांना ३ आणि महिलांना ४ महिने थांबावे लागते. म्हणजे १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या शिबिरात जमलेल्या लाल पेशी एप्रिलच्या सुरुवातीला बाद होतात. त्या दिवशीचे पुरुष दाते मात्र मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पुन्हा रक्त देऊ शकत नाहीत. एकाच दिवशी गल्लोगल्ली शिबिरे भरली, की पुढची टंचाई तिथेच ठरते.

डेटा कुठे कामी येतो?
केंद्राच्या 'ई-रक्तकोश' पोर्टलवर रक्तगटानुसार साठा पाहता येतो. पण रक्तपेढीने आकडा वेळेवर भरला नाही, तर नातेवाइकांची वणवण टळत नाही. साठ्याबरोबर पिशवीची मुदत आणि मागणीही पाहायला हवी. थॅलेसेमियाच्या अनेक रुग्णांना दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त लागते. ही मागणी आधीच माहीत असते. मुदत संपत आलेली पिशवी गरज असलेल्या रुग्णालयाकडे वेळीच वळवता येते.

सुरक्षिततेचे काय?
प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी बंधनकारक आहे. पण तपासलेले रक्तही चुकीच्या रुग्णाला चढवले गेले, तर जिवावर बेतू शकते. रुग्णाच्या मनगटावरील पट्टी आणि पिशवी यांचे बारकोड जुळवले, तर ही चूक खाटेजवळच पकडता येते. रक्त चढवल्यावर होणाऱ्या त्रासाची नोंद ठेवणारा राष्ट्रीय हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१२ पासून सुरू आहे. मात्र चूक कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला कारवाईची भीती असेल, तर नोंदच होणार नाही.

आता काय हवे?
साठा रोज अद्ययावत करण्याची सक्ती व्हावी आणि शिबिराची तारीख रक्तपेढीला विचारूनच ठरावी. मंडळांनी जयंतीला दात्यांची फक्त नावे नोंदवून घ्यावीत आणि रक्तपेढी बोलावील तेव्हा, अगदी मे महिन्यातही, रक्त द्यावे. सोहळ्याचा मान राहील आणि पिशवीही वाया जाणार नाही.