अंड्याएवढं अस्वल

टेडी बेअर म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? व्हॅलेंटाइन्स डेला कुणीतरी कुणाला तरी दिलेलं, लोकलच्या गर्दीत मावता न मावणारं गुलाबी प्रकरण. पण टेडींच्या दुनियेत एक वेगळीच जमात आहे. तळहातावर ऐसपैस बसणारी, शर्टाच्या खिशात मावणारी मिनिएचर अस्वलं. ईस्टर आला की ती जमवणारी हौशी मंडळी त्यांना हातानं रंगवलेल्या अंड्यांशेजारी बसवून फोटो काढतात. क्यूट? एकदम! पण सोपं? मुळीच नाही.

आधी थोडी फॅमिली हिस्टरी. १९०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर ऊर्फ टेडी रुझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले आणि बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी चक्क नकार दिला. त्यावर व्यंगचित्र छापून आलं आणि खेळण्यातल्या अस्वलाला नाव मिळालं. त्याच वर्षी जर्मनीत रिचर्ड श्टाइफ यांनी हातपाय हलवणारं अस्वल घडवलं. पुढे १९२०च्या दशकात न्यूरेंबर्गच्या शुको कंपनीनं या अस्वलाला पार बोटभर करून टाकलं. आत धातूचा सांगाडा, वर मोहेअरची लव. काहींच्या पोटात तर पावडरचा कॉम्पॅक्ट आणि लिपस्टिक! काहींचं मुंडकं काढलं की आत सेंटची बाटली. पर्समध्ये ठेवायचं अस्वल, बोला!

आता अंडी. पूर्व जर्मनीतल्या बाउत्सन शहराच्या आसपास सोर्ब नावाचा छोटा स्लाव्ह समाज राहतो. ईस्टरची अंडी रंगवावीत तर यांनीच. हंसाच्या पिसाचं टोक नेमकं कापायचं, गरम मेणात बुडवायचं आणि अंड्यावर ठसा उमटवायचा. मग अंडं रंगात. मेण असतं तिथे रंग चढत नाही. आपल्या बाटिकचाच फंडा! पुन्हा मेण, पुन्हा आधीपेक्षा गडद रंग. शेवटी मेणबत्तीच्या आचेवर मेण वितळवून पुसून घ्यायचं. बारीक त्रिकोणांची रांग म्हणजे लांडग्याचे दात, ते वाईटापासून राखण करतात. मधमाशीच्या पोळ्याची नक्षी म्हणजे मेहनत. आणि हे सगळं अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ कवचावर.

मग या दोघांची जोडी का जमते? साधं गणित आहे. छोट्या टेडीचा एकट्याचा फोटो काढला तर तो फूटभर उंचीचाही वाटू शकतो. फोटोत मोजपट्टी नसते ना! पण अंडं आपल्या प्रत्येकाच्या हाताला ठाऊक असतं. साधारण ६ सेंटिमीटर. त्याला टेकून तेवढंच अस्वल उभं राहिलं की बघणाऱ्याच्या तोंडून ‘अरे, एवढुसं!’ निघालंच म्हणून समजा.

एखाद्या रविवारी ट्राय करायचंय? मग टेबल खिडकीशी ओढा आणि फ्लॅश विसरा. चकचकीत कवचावर त्याचा पांढरा डाग पडतो. ऊन थेट येत असेल तर काचेला बटर पेपर लावा आणि सावलीच्या बाजूला पांढरा कागद उभा करा. अंडं गडगडू नये म्हणून खाली मातीची इवलीशी रिंग ठेवा. ती अस्वलाच्या पायामागे दडते. आतला बलक काढताना पाडलेलं भोक मागे वळवा. अस्वलाची लव कोरड्या, मऊ ब्रशनं विंचरा. एवढ्या जवळून धुळीचा कणसुद्धा धोंड्यासारखा दिसतो.

आता स्वतः खाली वाका. कॅमेरा अस्वलाच्या डोळ्यांच्या पातळीवर हवा. वरून काढलेल्या फोटोत ते खेळणं दिसतं, समोरून काढलेल्या फोटोत ते कुणीतरी असतं. फोकस डोळ्यावर. इतक्या जवळून डोळा शार्प आला की मागची नक्षी धूसर होते, म्हणून अॅपर्चर एफ ८ ते एफ ११, ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर. मोबाइल असेल तर अगदी चिकटू नका, त्याचीच सावली पडते. थोडं मागे सरकून झूम करा.

आणि एक विनंती. फोटो झाल्यावर फिल्टर मारून नक्षी गुळगुळीत करू नका. आज असं गोडगोड चित्र कॉम्प्युटर काही सेकंदांत बनवून देतो, त्यात प्रत्येक त्रिकोण बिनचूक असतो. पण खऱ्या अंड्यावर एखादा लांडग्याचा दात वाकडा असतो, कुठे रंगाचा ओघळ थबकलेला असतो. तिथे कुणाचा तरी हात क्षणभर थरथरला होता. अंडं काय, आज ना उद्या फुटणार. तो थरथरलेला क्षण मागे राहील तो फक्त तुमच्या फोटोत. तेव्हा तेवढा वाकडा दात नीट फोकसमध्ये घ्या!