घर आणि बाहेर : पहाटेची धाव

खानदेशात थंडी पडू लागली म्हणजे जळगावच्या मेहरूण तलावाकाठी पहाटे धावणारी जी मंडळी दृष्टीस पडतात, तींत हल्ली केवळ पोलीसभरतीची तयारी करणारे तरुणच असतात असे नाही. डॉक्टर, वकील, शिक्षक, व्यापारी, पन्नाशी उलटलेले गृहस्थ, आणि मुलांना शाळेत धाडावयाचे असल्यामुळे घड्याळाकडे पाहत धावणाऱ्या गृहिणी, असा सर्व प्रकारचा समुदाय तेथे जमतो. ‘जळगाव रनर्स ग्रुप’ या मंडळाने हा छंद गावात चांगलाच रुजविला असून, त्याच्यातर्फे भरणाऱ्या ‘खान्देश रन’ या स्पर्धेत तीन किलोमीटरपासून एकवीस किलोमीटरपर्यंत ज्याची जशी शक्ती तसे त्याने धावावे, अशी सोय असते. धुळ्याकडेही पहाटे धावणारे लोक आता नवलाचे राहिलेले नाहीत.

घरातील वडील मंडळी यावर विचारतात की, “हे नवे खूळ कोठून आले? चोर मागे लागला नसता धावावयाचे कशास?” प्रश्न थट्टेचा असला तरी त्याचे उत्तर देण्याजोगे आहे. हे खूळ नवे नव्हे. १९२० साली ॲन्टवर्प येथील ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानातर्फे मॅरेथॉन धावलेले फडेप्पा चौगुले हे बेळगावकडचे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा यांस वाटले की, ही माणसे जगापुढे न्यावीत. आणि त्यातूनच हा प्रवास घडला. चौगुले यांनी सुमारे पावणेतेहतीस हजार नव्हे, तर चांगले पावणेत्रेचाळीस किलोमीटरांचे ते अंतर २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत तोडून एकोणिसावा क्रमांक मिळविला. खुद्द खानदेशाचेच पाहावयाचे, तर १९३६ च्या डिसेंबरात फैजपूर येथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली खेड्यातील पहिली काँग्रेस भरली, तेव्हा मुंबईहून ज्योत पायी वाहून तेथवर आणण्यात आली होती. ज्या भूमीने ते दृश्य पाहिले, तिला पायांचे सामर्थ्य नव्याने शिकवावयास नको.

परंतु आम्हांस आज जे लिहावयाचे आहे ते शर्यतीविषयी नव्हे; ते पहाटेविषयी आहे.

धावण्यास पैसा फारसा लागत नाही. एक बऱ्यापैकी बुटांचा जोड झाला म्हणजे भागते. लागते ती वेळ, आणि तीही पाचपासून सातपर्यंतची. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४ अंशांच्या पलीकडे जातो. तेव्हा दिवस वर आल्यावर धावणे म्हणजे प्रकृतीशी वैर. ही जी पाच ते सातची वेळ, तिच्यावरच एकत्र कुटुंबाचा सारा गाडा चाललेला असतो. दूध तापविणे, चहा, देवपूजेची तयारी, मुलांचे डबे, वृद्धांची औषधे ही सर्व कामे याच दोन तासांत उरकावी लागतात. घरातील पुरुष पहाटे बूट घालून निघाला, तर त्यास कोणी काही विचारीत नाही; उलट परत आल्यावर त्याच्या हाती आयता कप येतो. सून निघाली, की प्रश्न उभा राहतो.

आमच्या परिचयाच्या एका घरी असेच घडले. धाकट्या सुनेने एके रात्री भीतभीत विचारले, “आई, रविवारी मी मैत्रिणींबरोबर तलावावर धावायला जाऊ का? चहा आल्यावर करीन.” सासूबाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “चहाचं मी बघते. पण अंधारात एकटी जायचं नाहीस.” दुसऱ्या रविवारी चहा मोठ्या मुलाने केला. तो फार गोड झाला होता असे कळते. परंतु प्यायला सर्वांनी. पुढे त्या घरी पहाटेच्या कामांच्या पाळ्याच लागल्या, आणि सासूबाई स्वतः संध्याकाळी अर्धा तास चालावयास जाऊ लागल्या. “चाळीस वर्षं या घरात चालतेच आहे, पण स्वयंपाकघर ते देवघर एवढंच,” असे त्या म्हणाल्या. ते वाक्य आम्हांस फार लागले.

स्त्रियांस हे श्रम सोसत नाहीत, ही समजूत केवळ आपल्याकडचीच नव्हे. १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली, आणि काही जणी शेवटी थकून पडल्या अशी हाकाटी होऊन ती शर्यतच पुढे १९६० पर्यंत बंद राहिली. स्त्रियांच्या मॅरेथॉनला तर ऑलिंपिकमध्ये १९८४ साली जागा मिळाली. शास्त्राच्या नावाखाली भीतीच बोलत होती. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत १०,००० मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. साताऱ्याकडील ललिता बाबर २०१६ साली रिओ येथे ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या. यांपैकी कोणाच्याही घरी सुबत्ता नव्हती. मग ज्यांच्या घरी दूध, फळे आणि डॉक्टर तिन्ही सुलभ आहेत, त्या घरच्या लेकीसुनांनी तीन किलोमीटर धावण्यास परवानगी कोणाची मागावी?

उत्साहाबरोबर विवेकही हवा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि मधुमेह, रक्तदाब अथवा हृदयविकार ज्यांच्या घराण्यात आहे त्यांनी, आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. प्रारंभी काही आठवडे चालावे, मग थोडे धावावे, थोडे चालावे. अंतर हळूहळू वाढवावे. छातीत दाटले, भोवळ आली, की तत्क्षणी थांबावे. तेथे अभिमान कामाचा नाही. उन्हाची सवय शरीरास होण्यास दहा-पंधरा दिवस लागतात. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून लांबच्या धावेत नुसतेच पाणी पीत राहणेही घातक ठरते. लिंबू, मीठ, साखर घातलेले आपले सरबत येथे उपयोगी पडते. आणि पहिल्याच वर्षी एकवीस किलोमीटरांचा हट्ट धरू नये.

दक्षिण आफ्रिकेत दरबान व पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांदरम्यान १९२१ पासून ‘कॉम्रेड्स’ नावाची सुमारे ९० किलोमीटरांची शर्यत होते. अंतर जवळजवळ जळगावाहून धुळ्यापर्यंतचे, आणि ते बारा तासांत तोडावयाचे. १८९३ साली ज्या स्थानकावर गांधीजींस गाडीतून उतरविण्यात आले, ते हेच पीटरमॅरिट्झबर्ग. तेथवर धावत जाणारे विरळाच. परंतु घराच्या उंबरठ्यापासून कोपऱ्यावरच्या वळणापर्यंतची पहिली धाव अनेकींस त्याहून लांब वाटते. ती लांबी कमी करणे धावणारीच्या हाती थोडे आणि घरच्यांच्या हाती पुष्कळ आहे.

तेव्हा येत्या रविवारी आमच्या वाचक कुटुंबांनी एवढेच करून पाहावे : पहाटेचा चहा कोण करणार, हे शनिवारी रात्री सर्वांनी मिळून ठरवावे, आणि ज्या व्यक्तीने तो आजवर रोज केला, तिला त्या दिवशी मोकळीक द्यावी. तिने धावावे, चालावे, की स्वस्थ निजून राहावे, हे तिचे तिने पाहावे. काय घडले ते आम्हांस अवश्य कळवावे.