प्रोबेशन एकाला, झडती साऱ्या घराची?

गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाला तुरुंगात न पाठवता अटींवर घरी सोडणे म्हणजे प्रोबेशन. ही तरतूद चांगली आहे, ती अधिक वापरली जावी असे मला वाटते. पण माणसाबरोबर त्याच्या अटीही घरात येतात, आणि घरात तो एकटा राहत नसतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये प्रोबेशन देताना पुष्कळदा अशी अट घालतात की त्या माणसाची, त्याच्या घराची, गाडीची, सामानाची झडती वॉरंटशिवाय कधीही घेता येईल. 2001 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नाइट्स खटल्यात सांगितले की अशी अट असेल तर झडतीला रास्त संशय पुरेसा आहे. मग सोबत राहणाऱ्या भावाचे काय? हा प्रश्न 2000 मध्येच कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात रोब्लेस खटल्यात आला होता. पोलिसांनी वॉरंट नसताना एका घराच्या गॅरेजची झडती घेतली. घरातला एक भाऊ प्रोबेशनवर होता, पण झडतीच्या वेळी पोलिसांना त्याचा पत्ताच नव्हता. नंतर दुसऱ्या भावाविरुद्धच्या खटल्यात सरकारने त्याच अटीचा आधार घेतला. न्यायालयाने तो मानला नाही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. आधी घरात शिरायचे आणि कारण मागाहून शोधायचे, याला त्याने आडकाठी केली.

मोबाइलचे प्रकरण आणखी नाजूक आहे. घरफोडीत सापडलेल्या एका अल्पवयीन मुलाला त्याची उपकरणे आणि ऑनलाइन खाती झडतीसाठी खुली ठेवण्याची अट घातली होती. चोरीत त्याने फोन वापरल्याचे काहीच दिसत नव्हते. 2019 मध्ये त्याच न्यायालयाने ती अट रद्द केली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कुणाला सर्व्हरचा प्रवेश देताना कोणता भाग, किती दिवस, कशासाठी, हे आधी ठरते आणि कोण कधी आत गेला त्याची नोंद राहते. मोहल्ल्यातल्या घरात एकाच फोनवर अम्मीचे व्हॉट्सॲप, बहिणीच्या कॉलेजचा ग्रुप आणि भावाच्या दुकानाचा हिशेब असतो. असा फोन नेमका कोणाचा म्हणायचा?

आपल्याकडे 1958 चा प्रोबेशन कायदा आहे. बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचे. देखरेखीचा आदेश असेल तर निवास, नशा यांबाबत आणि गुन्हा पुन्हा घडू नये म्हणून न्यायालयाला योग्य वाटतील अशा इतर बाबींबाबत अटी घालता येतात. या ‘इतर बाबीं’त उद्या काय शिरेल ही माझी काळजी आहे. जामिनाच्या बाबतीत तसे घडलेही: आरोपीने गूगल मॅप्सवर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसत ठेवावे, अशी अट घातली गेली होती. फ्रँक व्हायटस प्रकरणात 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती काढून टाकली, कारण जामिनावरच्या माणसावर सतत नजर ठेवता येत नाही. प्रोबेशनवरच्या माणसाच्या घरच्यांवर तर मुळीच नाही.

एरवी पोलिसांना वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 185 नुसार कारणे आधी लिहून ठेवावी लागतात. झडतीचे चित्रीकरण, परिसरातले दोन पंच, जप्त वस्तूंची यादी, हेही बंधनकारक आहे. प्रोबेशनवरचा माणूस घरात आहे म्हणून यातले काहीही कमी होत नाही.

कोर्टात मदतीला जाणाऱ्या आपल्या साथींना विनंती आहे. बंधपत्रावर सही होण्याआधी ते मोठ्याने वाचून घ्या. झडती, फोन, पासवर्ड, लोकेशन यांपैकी एखादा शब्द दिसला, तर वकिलांना तिथेच उभे राहून विचारायला सांगा: या गुन्ह्याशी या अटीचा संबंध काय, आणि घरातल्या बाकीच्यांच्या वस्तू तिच्यातून कुठे वगळल्या आहेत?